आधी निकाल, मग चहा

अध्यक्षस्थानी बसलेले आदरणीय फादर मालकी, व्यासपीठावरच्या मुख्य परिचारिका ऊनाबाई, आज ज्यांना निरोप द्यायचा आहे त्या डॉक्टर मारिटबाई, आणि मेंढ्यांची सोय लावून भर पावसात आलेले माझे मेयोकर शेजारी, सर्वांना नमस्कार.

डॉक्टरबाई हॉलंडहून इथे आयर्लंडला आल्या आणि आमच्या मेयोच्या इस्पितळात स्तनांच्या तपासणीचं काम पाहू लागल्या. इथे चहाशिवाय कोणी तोंड उघडत नाही, हे त्यांना कोणीतरी आल्या आल्या सांगितलं. खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं कोण सांगणार? वाईट बातमी असली, की आम्ही माणसाला बाजूच्या खोलीत बसवतो आणि चांगल्या कपबशीत चहा देतो. एरवी इस्पितळात कागदी कप.

माझ्या बायकोच्या, ग्रान्याच्या, हाताला छातीत गाठ लागली. मॅमोग्राफी झाली, सोनोग्राफी झाली. मग डॉक्टरबाईंनी आम्हाला त्या खोलीत बसवलं, चहा स्वतः आणला आणि त्या फोटो आणायला गेल्या. कपाला सोनेरी कड होती.

ग्रान्या कपाकडे बघत राहिली. तिच्या आईलाही शेवटच्या आजाराचं असाच चहा देऊन सांगितलं होतं.

"माझा निळा कोट तुझ्या बहिणीला देऊ नकोस," ती हळूच म्हणाली. "तिच्या अंगात बसायचा नाही, उसवेल."

मी मनातल्या मनात जपमाळ ओढू लागलो.

डॉक्टरबाई आल्या आणि अगदी पहिल्यापासून समजावू लागल्या. आकार, कडा, सावल्या. ग्रान्याच्या कानात एक शब्द शिरत नव्हता. मी कधी कोणाचं बोलणं मध्येच तोडत नाही, तेव्हा तोडलं.

"डॉक्टरबाई, ही जगेल ना?"

त्यांनी फोटो खाली ठेवले आणि ग्रान्याचा हात धरला.

"ग्रान्या, कॅन्सर नाही. हे मी दारातच सांगायला हवं होतं."

मग सगळं पुन्हा, सावकाश. हा काळा गोल म्हणजे पाण्याची पिशवी. कड गुळगुळीत, आत घट्ट काही नाही. या वयात होतं असं. काढायची गरज नाही; दुखलीच तर सुईनं पाणी काढू. "पण नवी गाठ लागली, तर ही पण तसलीच म्हणून घरी बसायचं नाही."

ग्रान्या रडत रडत हसली आणि कपबशीचा अर्थ तिनं त्यांना सांगितला. डॉक्टरबाई लालबुंद झाल्या. त्यानंतर या विभागात निकाल आधी येतो, चहा मागून. ज्यांचा निकाल वाईट, त्यांनाही त्या आडवळणानं सांगत नाहीत, आणि हात सोडत नाहीत.

परतताना ग्रान्याला गाडीतच झोप लागली. किती रात्री ती जागीच होती. घराच्या फाटकाशी मी इंजिन बंद केलं आणि तिला उठवलं नाही. देवाचे आभार मानायला त्या दिवशी मला चर्चपर्यंत जावं लागलं नाही.

डॉक्टरबाई, तिच्या त्या झोपेसाठी तुमचे आभार मानायचे राहिले होते. ते आज मानतो. मेंढ्यांशी बोलायची सवय असलेला माणूस मी. सभेत काही कमी-जास्त बोललो असेन, तर सांभाळून घ्या.