काळ्या पडद्यावरची ओळ

दाताच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक ताई आणि वाचनालयासाठी कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहिणारा तिचा धाकटा भाऊ बसले होते. त्याचा चेहरा दातदुखीने पडावा त्याहूनही पडलेला.

“नीट सांग, झालं काय?”

“ताई, एकच प्रोग्राम दोन ठिकाणी चालतो. सकाळी मी कमांड देऊन माझ्या कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर चालवतो. लोक वेबसाइटवर ‘आपलं पुस्तक आलं का’ बघतात, तेव्हा सर्व्हरवर, म्हणजे वाचनालयाच्या मुख्य कॉम्प्युटरवरही तोच.”

“बरं, मग?”

“माझ्यापुरत्या गमतीच्या ओळी टाकल्या होत्या. सर्व्हरवर असशील तर त्या दाखवू नकोस, एवढं प्रोग्रामला सांगायचं राहिलं.”

“कसल्या ओळी?”

“एक आजोबा पुस्तक आलं का ते वेबसाइटवर सारखे बघत असतात. त्यांच्या नावापुढे... ‘आला परत डोकं खायला.’”

“अरे देवा! त्यांनी वाचलं?”

“अक्षर मोठं करून. त्यांना बारीक दिसत नाही.”

“मग जाऊन पाय धर की, मेल्या!”

“त्यांचाच फोन आला गं. म्हणाले, ‘बाळा, मशीनला माझा त्रास होतोय वाटतं. आठवड्यातून एकदाच बघितलं तर चालेल का त्याला?’”

“आणि तू काय म्हणालास?”

“म्हटलं, विचारून सांगतो.”