म्हसोबाचा बोकड हलला नाय

नाय, नाय, गूळपाणी नको, विहीणबाई, तुमी बसा आधी — हर्सूलपासून इथवर कन्नडला निजामसरकारच्या मोटरीत धक्के खात आले ती पाव्हणचाराला नाय, सरूला न्यायला आले. सासूनं स्वता सुनंला न्यायला यावं, अशी रीत नाय, ठावं हाये मला — पर आले. पोरीला म्हणावं, झालं गेलं इसर. देवाचं देव बघंल!

काय झालं म्हंजे? तिनं सांगितलं नाय तुमाला? आवं, तुमचा जावई, सांडू माझा, तापातून उठला म्हणून म्हसोबाला बोकड बोलले हुते मी. कडूबा भगतानं त्याच्या पाठीवर तांब्याभर पाणी ओतलं — बोकडानं अंग झाडलं की देवानं मानून घेतला, मंगच सुरी, व्हय ना? तर समदं गाव बघतंय अन् हे बेणं हलायलाच तयार नाय! आणखी पाणी, आणखी पाणी — डोळे मिटून गप उभं! भगत म्हणला, देव नाय म्हणतोय, घरात कुणाचं तरी पाप हाये. झालं! समदे सरूकडं बघाया लागले. कूस उजवली नाय ना तिची अजून, लोकास्नी तेवढंच पुरतं. सांडूच म्हणला, हिला म्हायेरी घाला. मी नाय बोलले हो काय! मी एक सबूद बोलले नाय.

...व्हय, तेच तर म्हणते. बोलले नाय.

आवं, जनावर ते, त्याला काय देव कळतोय? रोज तळ्यावर न्हाऊ घालायची मी त्याला, गोचिडाचा लई तरास — मंग पाण्याची सवयच लागली, अंगावर पाणी पडलं की सुखानं डोळे मिटायचा. हौशा म्हणते मी त्याला. आई मेली हुती त्याची, बोळ्यानं दूध पाजून वाढवलाय — आता तुमीच सांगा, तो कशाला अंग झाडतोय? आपल्याला उमजंना ते समदं देवाच्या नावावर घालायचं, सोपं पडतं. अन् मला तर उमजत हुतं...

व्हय. तवाच. पयल्याच तांब्याला कळलं मला.

असं बघू नका हो. मनात काय आलं सांगू? वाचला बाई माझा हौशा — हे आलं. सरू तिकडं म्हसोबापुढं नाक घासत हुती, अन् मी दावं धरून उभी. थुंका माझ्या तोंडावर, थुंका! जाताना पाया पडली माझ्या, म्हणली, आत्याबाई, मी काय बी केलं नाय. ठावं हुतं की मला! माझी मलाच लाज वाटती, विहीणबाई, सांडूकडं बघवत नाय, चुलीपुढं ती बसायची तिथं बसवत नाय मला. पदर पसरते, पाठवा तिला.

पाठवता? देव भलं करंल तुमचं — काय? गावापुढं? म्हसोबापुढं उभं राहून, कडूबा भगताच्या तोंडावर हे समदं सांगायचं, मंगच पाठवणार?

सांगंल की. सांगंल मी... पर विहीणबाई, तसं सांगितलं तर हौशाला कापतील ना हो —

नाय, नाय, तसं नव्हं म्हणायचं मला! आवं, उठलात का? आतून दार कशाला लावता?