ओक्वुदिलीच्या आईचं दफन

एनुगूच्या बसच्या रांगेत माझ्यापुढे आमच्या चर्चच्या महिला संघाच्या अध्यक्षा न्वाकाएगो मावशी होत्या. तेवढ्यात ओक्वुदिली धापा टाकत आला.

“मावशी, शनिवारी आईचं दफन, आणि संघाच्या बाया येत नाहीत म्हणे?”

“मीच सांगितलंय तसं.”

“गाण्यांशिवाय पुरू तिला? लोक तोंडात शेण घालतील माझ्या!”

“भाऊ गेल्यावर उलोमावहिनीचं शेत बळकावलंस, तेव्हा नव्हते का लोक?”

“मी फादरांना सांगेन.”

“सांग की. मिस्साची प्रार्थना ते म्हणतील. गळे आमचे आहेत.”

“दफन होऊ दे, मग देतो शेत.”

“आधी शेत.”

“अहो, आईसुद्धा संघातलीच होती!”

“माझ्याआधी अध्यक्षा होती. विधवेला लुबाडणाऱ्याच्या दारात गायचं नाही, हा नियम तिचाच. मरताना माझा हात धरून म्हणाली, ‘माझ्या दफनालाही मोडू नकोस.’”