ओव्हर द मून कधी म्हणायचं

— खोड ते, बेबा. आधी खोड. 'भाजी छान झाली म्हणून मी ओव्हर द मून झाले' — असं कुणी म्हणतं? गाइडात 'अत्यंत आनंदित होणे' छापलंय म्हणून कुठंही चिकटवायचं? तू नापास झालीस की देवपूरभर बोलतील — तिसरीत शाळा सुटलेल्या द्रौपदाअक्काकडे इंग्रजी शिकायला गेली, दुसरं काय होणार! शब्दकोश पाठ केलाय मी, चुलीपुढं बसून. हं. तर अर्थ असा — जीव अंगात मावत नाही, पाय भुईला टेकत नाहीत — ते. नाही कळलं? अगं, आखाजीच्या सणाला माहेरी न्यायला आलेला मुराळी सासरच्या दारात दिसला की बाईचं जे होतं, ते! तुझा भाऊ येतो ना? तेच. तेवढ्यालाच वापरायचं. माझी लेक गुंता झाली होती तशी, साक्रीला, गेल्या आखाजीला. तिला ना भाऊ, ना बाप — न्यायला जाणार कोण? मीच गेले मुराळी होऊन. का, बाईला एसटीत बसू देत नाहीत? मला पाहिलं आणि पिठाच्या हातांनीच धावली पोरगी, लहानपणी किंचाळायची तशी किंचाळली — ट्रंक तर भरूनच ठेवलेली! सासू म्हणते, 'मुराळी म्हनीसन बाई उनी? घरमा माणूस नही शे का?' बाई का आली, घरात पुरुष नाही का, म्हणे! मी सोडते होय? गल्ली गोळा होईस्तोवर सुनावलं. इंग्रजीतही बोलले — हो, बोलले! लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नसतं, घशाला कोरड पडली तरी थांबले नाही. गप्प झाली ती बाई. जिंकले ना मी? — आणि गुंतानं ट्रंक उचलली, आत नेऊन ठेवली. म्हणाली, 'आई, तू जा आता. तू बोलून जाशील, मला इथंच राहायचंय.'

यंदा? यंदा निरोप आलाय — साक्रीच्या गाडीवरचा सुकदेव कंडक्टर सांगून गेला — 'आईला म्हणावं, येऊ नको.' नाही, सासूचा नव्हे. तिचाच. खोदून खोदून विचारलं मी त्याला. आजवर कुणाचं म्हणून ऐकलं नाही गं मी — बापाचं नाही, नवऱ्याचं नाही. हिचं ऐकतेय. घरात बसून ऐकतेय... डोळे काय पुसतेस? परीक्षा तुझी आहे. दुसरं वाक्य लिहून आण. जा. आणि दार ओढून घे.