फुंकणी आणि लाल डोळा

डोळा लाल झाला म्हणून घाबरतेस काय? माझं ऐक. त्रेपन्न-चोपन्न साल असेल, लग्न होऊन नुकतीच डोंबिवलीला आलेले. ओली लाकडं पेटेनात, म्हणून फुंकणीनं जीव खाऊन फुंकत होते. सासूबाई ओरडल्या, "अगं, डोळ्यात रक्त!" तशाच मला कल्याणला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या.

डॉक्टर म्हणाले, "बारीक शीर फुटलीये. आपोआप जाईल."

घरी येताच सासूबाईंनी सासऱ्यांना सांगितलं, "डॉक्टरांनी हिला चुलीपुढे बसायला मनाई केलीये. स्टोव्ह आणा!"

स्टोव्ह आला. पंधरवड्यात डोळा स्वच्छ झाला. सासरे अधूनमधून विचारायचे, "झाला ना बरा? मग चुलीवरची भाकरी होऊ दे."

सासूबाई माझी पापणी वर करून नीट बघायच्या. "अजून लालच आहे हो!"

देवमाणूस गं! त्या होत्या तोवर माझा डोळा लालच राहिला.