पहिल्या दिवसापासून

कोर्टाबाहेर टेबल मांडून बसणाऱ्या टायपिस्ट बाईंना घटस्फोटाचे अर्ज तोंडपाठ होते. सगळे सारखेच, एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं. आज समोरच्या बाकावर नवराबायको शेजारी शेजारी बसले होते. नवरा चष्मा घरी विसरला होता, म्हणून बायको अर्ज वाचून दाखवत होती. बाई मान खाली घालून दुसरं काम उरकत होत्या, कान मात्र तिकडेच होते.

“‘लग्नाच्या पहिल्या दिवसापासून उभयतांचे पटले नाही.’”

“काय? पुन्हा वाच.”

“तेच लिहिलंय हो.”

“पहिल्या दिवसापासून? अहो बाई, हे कुणी सांगितलं तुम्हाला?”

“सगळ्यांच्या अर्जात असंच असतं, साहेब. वकिलांचा मसुदा आहे.”

“सगळ्यांचं असेल. आमचं नव्हतं तसं. खोडा ते.”

“मग काय लिहू?”

“पहिली सहा वर्षं बरी गेली, असं लिहा,” बायको म्हणाली.

“सात.”

“सहा. उगाच वाढवू नका.”

“सात गं. मोजलीत मी.”

“सातव्या वर्षी मी माहेरी निघून गेले होते. विसरलात?”

“विसरेन कसा? पण परत आलीस ना. म्हणून तर तेही वर्ष धरलंय.”

बाईंची बोटं कीबोर्डवर तशीच थांबली.

“ताई, सहा की सात?”

“सात लिहा, बाई. आणि सही करायची तिथं जरा मोठी फुली मारून ठेवा. यांना चष्म्याशिवाय दिसत नाही.”