गोकुळ पनागरला

या बाप्पांनो, जरा जवळ सरकून बसा. जबलपूरहून जवळच्या पनागर गावाला जाणाऱ्या बसमध्ये आमच्या पद्मजाबाईंच्या कानावर पडलेली गोष्ट सांगतो. पुढच्या सीटवर बहीणभाऊ होते, धाकटी अवंतिका आणि तिचा दादा अक्षत.

"दादा, कार्टूनमधलं गोलमपूर म्हणजे आपलं जबलपूरच. चौकात कारंजं, भोवती कपड्यांची दुकानं. बडा फुहाराच तो!"

"अच्छा! अन् तिथला समुद्र?"

"समुद्र नाही, पूर आलेली नर्मदा."

"अरे पागल, जपानात बनते ते. त्यांनी जबलपूर पाह्यलं तरी का?"

"नसेल पाह्यलं. सोमवारी आपण पुण्याला चाललो, कायमचे. मग मी जबलपूर कुठं पाहू?"

पद्मजाबाईंना राहवलं नाही.

"बेटा, आमच्या श्रीपादबुवांनी तरी गोकुळ कुठं पाह्यलं होतं? कीर्तनात ते गोकुळ पनागरलाच वसवत. गवळणी दही घेऊन थेट बडा फुहाऱ्याला!"

"लोक हसत नव्हते काय, आजी?" अक्षतनं विचारलं.

"हसत ना! पण कृष्ण गोकुळ सोडून निघाला की सारा मंडप रडे. आपल्या पनागरहून चालला होता ना तो."

"मग परत आला?" अवंतिकेचा आवाज बारीक झाला.

"पोथीत नाही आला, बेटा."

"अन् बुवांच्या कीर्तनात?"

"दर साली येत होता. याच बसनं."

"दादा, बसचा नंबर लिहून घे."

तर बाप्पांनो, पनागरच्या मळ्यांतून बाजारात येणारी भाजी चिराल तेव्हा आमच्या श्रीपादबुवांची आठवण तेवढी ठेवा.